युद्धात ताब्यात घेतलेल्या मुलखाची टपाल तिकिटे: नव्या संग्राहकासाठी मार्गदर्शक

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इराकमध्ये वापरात आलेले एखादे तिकीट हातात घेतले, तर त्या इवल्याशा कागदावर तीन सत्तांच्या खुणा एकत्र दिसतात. मूळ चित्र उस्मानी तुर्की साम्राज्याचे आहे. त्यावर काळ्या शाईत ‘इराक इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ अशी इंग्रजी अक्षरे छापलेली आहेत. किंमत मात्र तुर्की पारा-पियास्तरमध्ये नसून आण्या-रुपयांत आहे, कारण तो मुलूख जिंकणारे लष्कर मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातून गेले होते आणि त्याच्या मागोमाग हिंदुस्थानचे चलन व टपालव्यवस्थाही तेथे पोहोचली होती.

अशा तिकिटांचा संग्रह सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी हा लेख आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. या प्रकारात तिकिटाचे मोल बहुतेक वेळा मूळ तिकिटात नसते, तर नंतर छापलेल्या मजकुरात असते, आणि बनावट करायला सर्वांत सोपा तोच मजकूर असतो. म्हणून येथे वाचन आधी, हाताळणी नंतर आणि मौल्यवान खरेदी सर्वांत शेवटी, असा क्रम पाळावा. सर्वसाधारण तिकीटसंग्रहात हा क्रम थोडा मागेपुढे झाला तरी फारसे बिघडत नाही, पण येथे तो मोडणाऱ्याचे पैसे हमखास बुडतात.

पहिली पायरी: कोणते तिकीट या प्रकारात बसते ते ठरवणे

1907 च्या हेग नियमावलीतील 42 व्या कलमानुसार एखादा प्रदेश प्रत्यक्षात शत्रुसैन्याच्या अधिकाराखाली आला की तो व्याप्त प्रदेश मानला जातो. अशा प्रदेशात, ताबा घेतलेल्या सत्तेने किंवा तिच्या परवानगीने, नागरी टपालासाठी काढलेले तिकीट म्हणजे आपल्या विषयाचे तिकीट. ही व्याख्या मनात पक्की असली, तर बाजारात ‘युद्धकालीन’ या एकाच नावाखाली विकल्या जाणाऱ्या निरनिराळ्या वस्तू वेगळ्या करता येतात.

पहिला शेजारी प्रकार म्हणजे लष्करी मोहिमेची तिकिटे. 1900 साली चीनमध्ये गेलेल्या फौजेसाठी हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘सी.ई.एफ.’ आणि 1914 साली परदेशी पाठवलेल्या फौजांसाठी ‘आय.ई.एफ.’ अशी अक्षरे छापण्यात आली. ही तिकिटे मुख्यतः आपल्याच सैनिकांसाठी होती. ती कोणत्याही एका मुलखाची नव्हेत, कारण फ्रान्सपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत जेथे हिंदुस्थानी फौज गेली तेथे तीही गेली. दुसरा प्रकार शांतिरक्षक तुकड्यांच्या तिकिटांचा. 1953 साली कोरियात गेलेल्या भारतीय तुकडीसाठी आपल्या तिकिटांवर देवनागरीत ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’ असे छापले गेले. आपल्या लिपीतील हा छापा पाहताना विशेष आनंद होतो, परंतु तेथे कोणी कोणाचा मुलूख घेतलेला नव्हता.

तिसऱ्या प्रकाराबद्दल नवोदितांचा सर्वाधिक गोंधळ होतो. ‘आझाद हिंद’ असा मजकूर असलेली तिकिटे 1943 साली बर्लिनच्या सरकारी छापखान्यात तयार झाली. ती प्रत्यक्ष टपालात कधीच वापरली गेली नाहीत. इतिहास म्हणून त्यांचे स्थान मोठे आहे आणि ती संग्रहात अवश्य असावीत, पण त्यांना व्याप्त प्रदेशाची तिकिटे म्हणता येणार नाही. टपालातून गेलेले आझाद हिंदचे पाकीट म्हणून कोणी काही दाखवले, तर ते घेऊ नये.

दुसरी पायरी: तिकीट वाचायला शिकणे

कोणतेही तिकीट समोर आले की चार प्रश्न क्रमाने विचारावेत. मूळ तिकीट कोणत्या देशाचे आहे? वरचा मजकूर कोणत्या भाषेत व लिपीत आहे? किंमत कोणाच्या चलनात आहे? आणि साल कोणते, कोणत्या कालगणनेनुसार? संग्राहकांच्या बोलण्यात वरच्या मजकुराला ओव्हरप्रिंट म्हणतात, आणि त्या मजकुराने किंमत बदलली असेल तर त्याला सरचार्ज म्हणतात. पुढे मी हेच शब्द वापरणार आहे.

जर्मनीचे उदाहरण घेऊ. ऑक्टोबर 1914 मध्ये बेल्जियमसाठी निघालेल्या तिकिटांवर मूळ चित्र ‘जर्मानिया’ या मुकुटधारी स्त्रीचे आहे, वर जुन्या जर्मन वळणात ‘बेल्गियन’ छापले आहे आणि किंमत मात्र सांतिम या बेल्जियमच्या नाण्यांत आहे. यातून लगेच कळते की जेत्यांनी आपली तिकिटे आणली, पण लोकांच्या खिशातील नाणी तूर्त तशीच ठेवली. याउलट दुसऱ्या महायुद्धात अल्सास आणि लोरेन या फ्रान्सच्या प्रांतांसाठी 1940 साली निघालेल्या तिकिटांवर जर्मनीचे दिवंगत राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे चित्र, प्रांताचे जर्मन नाव आणि किंमतही जर्मन चलनात आहे. तेथे नुसता ताबा नव्हता, तर तो प्रदेश कायमचा गिळण्याचा इरादा होता. चलनाचा प्रश्न म्हणूनच मी सर्वांत महत्त्वाचा मानतो, कारण जेत्यांनी जाहीरनाम्यात काहीही म्हटले असले तरी त्यांचा हेतू चलनात उघडा पडतो.

अक्षरे संक्षिप्त असतील तर त्यांचा विस्तार पाठ करून ठेवावा. रुमानियातील 1917 च्या जर्मन तिकिटांवरील ‘एम.व्ही.आय.आर.’ म्हणजे रुमानियातील लष्करी प्रशासन. 1942 पासून इटलीच्या ताब्यातून घेतलेल्या प्रदेशांत ब्रिटिश तिकिटांवर छापलेले ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्वेतील फौजा. यांपैकी इरिट्रियाची मालिका वाचनाच्या सरावासाठी उत्तम आहे. तेथे आधी ‘एम.ई.एफ.’, मग 1948 पासून ‘बी.एम.ए.’ म्हणजे ब्रिटिश लष्करी प्रशासन, आणि 1950 पासून नुसते ‘बी.ए.’ म्हणजे ब्रिटिश प्रशासन असा क्रम लागतो. फौज, मग लष्करी कारभार, मग नागरी कारभार हा सारा प्रवास तीन ओव्हरप्रिंटांत दिसतो. इरिट्रियातील केरेनच्या 1941 च्या लढाईत मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान लढले होते, त्यामुळे मराठी संग्राहकाला ही मालिका दूरची वाटण्याचे कारण नाही.

सालाचा प्रश्न जपानी तिकिटांच्या बाबतीत उद्भवतो. मलायातील तिकिटांवर ‘दाई निप्पॉन 2602’ असे छापलेले आढळते. हे जपानच्या शाही कालगणनेतील वर्ष आहे. त्यातून 660 वजा केले की 1942 मिळते.

तिसरी पायरी: एक प्रदेश निवडणे

जगभरातील सर्व व्याप्त प्रदेश एकदम गोळा करण्याचा मोह टाळावा. एक प्रदेश निवडून त्याचा इतिहास, नकाशा आणि टपालव्यवस्था नीट समजून घेतली, तर थोड्या तिकिटांतही संग्रहाला आकार येतो. मराठी वाचकाला मी दोन प्रदेश सुचवीन, कारण दोन्हींचे धागे आपल्यापर्यंत खरोखर पोहोचतात.

पहिला प्रदेश इराक, म्हणजे त्या काळच्या भाषेत मेसोपोटेमिया. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानातून बाहेर गेलेल्या फौजांना इंग्रजी अक्षरांची नावे होती. ‘ए’ फ्रान्सला गेली, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिकेत, ‘डी’ मेसोपोटेमियात, ‘ई’ आणि ‘एफ’ इजिप्तच्या बाजूला, तर ‘जी’ गॅलिपोलीला. ‘डी’ फौजेने नोव्हेंबर 1914 मध्ये बसरा घेतले. पुढे बगदादच्या दिशेने गेलेली सहावी डिव्हिजन ही ‘पूना डिव्हिजन’ म्हणून ओळखली जात असे आणि तिच्यात 103, 110 व 117 क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. ही डिव्हिजन कूत येथे वेढ्यात सापडली आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिला शरणागती पत्करावी लागली. त्यानंतर नव्या जमवाजमवीने निघालेल्या फौजेने 11 मार्च 1917 रोजी बगदाद घेतले.

आता तिकिटांकडे वळू. हा सगळा काळ फौजेच्या टपालासाठी ‘आय.ई.एफ.’ तिकिटे वापरात होती. बगदाद पडल्यावर शहरात शिल्लक सापडलेली तुर्की तिकिटे गोळा करून 1917 च्या सप्टेंबरात त्यांवर ‘बगदाद इन ब्रिटिश ऑक्युपेशन’ आणि आण्यांतील किंमत छापण्यात आली. हाती लागेल तो साठा वापरल्यामुळे मूळ तिकिटे अनेक प्रकारची होती आणि त्यांतील काहींवर तुर्कांनीच आधी ओव्हरप्रिंट केलेले होते. संख्या थोडी, प्रकार पुष्कळ आणि मागणी मोठी, त्यामुळे ही तिकिटे महाग आहेत आणि त्यांच्या नकलाही सर्वत्र पसरलेल्या आहेत. नवोदिताने पहिली काही वर्षे ती फक्त कॅटलॉगात, म्हणजे तिकिटांचे प्रकार व किमती नोंदवणाऱ्या सूचीग्रंथात, आणि प्रदर्शनात पाहावीत.

1918 साली व्यवस्था सुधारली. 1914 ची तुर्की चित्रमय तिकिटे लंडनच्या ब्रॅडबरी विल्किन्सन या छापखान्याने तयार केली होती, त्याच साच्यांवरून तेथे ती नव्याने छापून त्यांवर इराकच्या नावाचे ओव्हरप्रिंट करण्यात आले. छपाई एकसारखी, साठा भरपूर. म्हणून पाव आण्यापासूनची लहान किमतीची ही तिकिटे आजही परवडतात आणि अस्सल ओव्हरप्रिंट कसे दिसते हे शिकण्यासाठी यांच्याहून चांगला गुरू नाही. याच तिकिटांवर ‘ऑन स्टेट सर्व्हिस’ असा आणखी एक मजकूर छापलेली सरकारी कामाची मालिकाही आहे. मोसुलची तिकिटे थोडी निराळी आहेत. 30 ऑक्टोबर 1918 च्या युद्धबंदीनंतर ब्रिटिशांनी मोसुल ताब्यात घेतले, आणि 1919 साली तेथे तुर्की महसुली तिकिटांवर ‘पोस्टेज’, ‘आय.ई.एफ. डी’ आणि आण्यांतील किंमत छापून ती टपालासाठी वापरली. या तिकिटावरील ‘डी’ हे अक्षर कोठून आले, हे वरची फौजांची यादी वाचलेल्याला आता सांगावे लागणार नाही.

इराणच्या किनाऱ्यावरील बुशेर हे बंदर ब्रिटिशांनी 1915 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ताब्यात ठेवले होते. तेवढ्या अल्पकाळात इराणी तिकिटांवर केलेली ओव्हरप्रिंट दुर्मिळ आहेत. त्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये.

दुसरा प्रदेश ब्रह्मदेश. 1937 साली ब्रह्मदेश हिंदुस्थानापासून वेगळा झाला तेव्हा सुरुवातीला हिंदुस्थानच्या पंचम जॉर्जच्या तिकिटांवर ‘बर्मा’ असे छापून काम भागवले गेले. 1938 साली त्याची स्वतःची सहाव्या जॉर्जची मालिका निघाली. तीत सिंहाच्या आकृती, राजनौका, सागवान ओढणारा हत्ती, भातशेती आणि इरावती नदी अशी सुंदर चित्रे होती, आणि ती छापली गेली आपल्या नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. नाशिकच्या कारागिरांच्या हातून उतरलेले हे तिकीट पुढील नऊ वर्षांत किती हातांतून गेले, हे पाहण्यासारखे आहे.

1942 साली जपानी सैन्य आणि त्याच्याबरोबर आलेली बर्मी स्वातंत्र्यसेना देशात शिरली. इरावतीच्या मुखाकडील हेंझाडा, म्याउंगम्या, प्यापोन अशा ठिकाणी हाती आलेल्या तिकिटांवर, राजाचा चेहरा झाकला जाईल अशा रीतीने, मोराचा शिक्का छापण्यात आला. मोर हे बर्मी राजसत्तेचे जुने चिन्ह होते, त्यामुळे त्या छाप्यात सोयीबरोबर अभिमानही होता. 1937 च्या ‘बर्मा’ ओव्हरप्रिंट असलेल्या काही तिकिटांवरही मोर छापला गेला. अशा तिकिटावर हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि स्वातंत्र्यसेना असे तीन थर सापडतात. त्याच वर्षी यानो या जपानी टपाल अधिकाऱ्याच्या वैयक्तिक शिक्क्याचे एक लाल तिकीट निघाले, मग जपानची तिकिटे आधी आण्यांत आणि नंतर सेंटमध्ये सरचार्ज करून आली. 1 ऑगस्ट 1943 रोजी जपानच्या छत्राखाली ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्याचे जाहीर करण्यात आले, तेव्हा त्या प्रसंगाची खास तिकिटे काढण्यात आली. 1945 साली ब्रिटिश परतले आणि त्यांनी पुन्हा नाशिकच्याच तिकिटांवर ‘मिली अॅड्मन’, म्हणजे लष्करी प्रशासन, असे संक्षिप्त ओव्हरप्रिंट केले. शेवटी 1947 साली रंग बदललेल्या त्याच चित्रांवर हंगामी बर्मी सरकारचा मजकूर बर्मी लिपीत उमटला.

चौथी पायरी: साधने

फार काही लागत नाही. सपाट टोकांचा तिकिटांचा चिमटा, दहापट दाखवणारे भिंग, कडांची छिद्रे मोजण्याची पट्टी, मिलिमीटरच्या खुणांची पारदर्शक फूटपट्टी आणि एक चांगले स्टॉकबुक, म्हणजे तिकिटे न चिकटवता पट्ट्यांत खोचून ठेवण्याची वही, एवढ्यावर सुरुवात होते. जलचिन्ह पाहण्यासाठी तिकीट काळ्या पृष्ठभागावर पालथे ठेवावे. नाशिकला छापलेल्या 1938 च्या बर्मी तिकिटात हत्तींच्या डोक्यांचे जलचिन्ह असते आणि ते शोधण्यात सरावही होतो.

खरा खर्च कॅटलॉगावर करावा. ब्रिटिश साम्राज्याच्या तिकिटांसाठी स्टॅन्ले गिबन्सचा आणि जर्मन व्याप्त प्रदेशांसाठी मिशेलचा कॅटलॉग प्रमाण मानला जातो. चार-पाच वर्षे जुनी प्रत रद्दीच्या किंवा जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळाली तरी चालेल. किमती जुन्या असल्या तरी प्रकारांची वर्णने, अक्षरांची मापे आणि बनावट तिकिटांविषयीचे इशारे बदलत नाहीत. एक पथ्य मात्र पाळावे: कॅटलॉगातील किंमत ही निर्दोष, अस्सल तिकिटासाठी विक्रेत्याने मागण्याची किंमत असते, प्रत्यक्ष व्यवहार बहुधा तिच्या बराच खाली होतो.

पाचवी पायरी: अस्सल आणि बनावट यांतला फरक ओळखणे

या पायरीवर घाई करू नये.

बनावट करणाऱ्याचे गणित साधे असते. तो मूळचे स्वस्त तिकीट घेतो आणि त्यावर महागडे ओव्हरप्रिंट छापतो. म्हणून मूळ तिकीट किरकोळ किमतीचे आणि ओव्हरप्रिंटसह मात्र शेकडो पटींनी महाग, अशी तफावत जेथे असेल तेथे संशय आधी धरावा आणि पुरावा मागावा. बगदाद, बुशेर आणि ब्रह्मदेशाचे मोर हे तिन्ही या तफावतीत बसतात.

पहिली तपासणी मूळ तिकिटाची करावी. कॅटलॉगात ज्या छपाईवर, ज्या छिद्रांच्या मापावर किंवा ज्या जलचिन्हावर ते ओव्हरप्रिंट झाल्याची नोंद आहे, तेच तिकीट समोर आहे का? नकली काम करणाऱ्याला अनेकदा नेमके ते तिकीट मिळत नाही आणि तो त्याच चित्राची दुसरी छपाई वापरतो. कितीतरी नकला भिंगाशिवाय या एका प्रश्नावरच गळून पडतात.

दुसरी तपासणी शाईच्या थरांची. वापरलेल्या तिकिटावर ओव्हरप्रिंट आधी आणि टपालाचा शिक्का नंतर पडलेला असला पाहिजे. दोन्ही जेथे एकमेकांना छेदतात ती जागा तिरप्या उजेडात भिंगाखाली पाहावी. ओव्हरप्रिंटची शाई शिक्क्याच्या वर बसलेली दिसली, तर तिकीट आधी वापरले गेले आणि मजकूर नंतर छापला गेला, असा त्याचा सरळ अर्थ होतो. शिक्क्यावरील तारीख आणि गाव वाचता येत असेल तर तेही तपासावे. ताबा घेण्यापूर्वीची तारीख किंवा त्या प्रदेशाबाहेरचे गाव असेल, तर पुढे तपासण्याची गरजच उरत नाही.

तिसरी तपासणी छपाईच्या पद्धतीची. त्या काळची बहुतेक ओव्हरप्रिंट खिळे, म्हणजे अक्षरांचे धातूचे ठसे, जुळवून केलेल्या छपाईची आहेत. अशा छपाईत अक्षर कागदात किंचित दाबले जाते, मागच्या बाजूने बोटाला वा तिरप्या उजेडात डोळ्याला तो दाब जाणवू शकतो, आणि अक्षराच्या कडेला शाई किंचित दाटलेली दिसते. आजच्या लेझर प्रिंटरने काढलेल्या नकलेत शाई कागदावर चकाकत राहते आणि अक्षराभोवती बारीक कण विखुरलेले दिसतात. इंकजेटच्या नकलेत अक्षराची कड रंगांच्या ठिपक्यांची बनलेली असते. हा फरक शब्दांनी जेवढा समजतो त्याहून अधिक हाताळून समजतो, म्हणून तर 1918 ची इराकची स्वस्त तिकिटे, बेल्जियमची 1914 ची तिकिटे, किंवा 1945 साली ब्रिटिश परतल्यावर मलायात निघालेली ‘बी.एम.ए. मलाया’ ही सहज मिळणारी तिकिटे आधी घेऊन ती तास-तासभर न्याहाळावीत असा माझा आग्रह आहे. अस्सल पाहून तयार झालेला डोळा नकलेपाशी आपोआप थबकतो.

चौथी तपासणी मापाची. शब्दाची लांबी, अक्षराची उंची, दोन ओळींतील अंतर आणि विरामचिन्हे कॅटलॉगातील चित्राशी ताडून पाहावीत. खिळे जुळवताना शीटच्या ठरावीक जागी तुटलेले अक्षर, गळालेला बिंदू अशा चुका राहून जातात आणि त्या खऱ्या छपाईच्या खुणा असतात. परंतु एखादा विक्रेता चुकीच्या तिकिटाला ‘दुर्मिळ छपाईदोष’ म्हणून जास्त भाव सांगत असेल, तर तो दोष कॅटलॉगात नोंदलेला आहे का हे पाहिल्यावाचून पैसे देऊ नयेत.

हाताने मारलेल्या शिक्क्यांचा प्रश्न यांहून अवघड आहे. मलायात 1942 साली जपान्यांनी वापरलेले लष्करी प्रशासनाचे हातशिक्के किंवा ब्रह्मदेशाचे काही मोर यांत दोन छापे सारखे नसतात, शाई कमी-जास्त असते, शिक्का तिरका पडतो, त्यामुळे मापावरून निर्णय होत नाही. अशा तिकिटाची किंमत मोठी असेल तर तज्ज्ञ समितीचे प्रमाणपत्र असलेलेच घ्यावे. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीच्या तज्ज्ञ समितीसारख्या संस्था छायाचित्रासह प्रमाणपत्र देतात. प्रमाणपत्रावरील छायाचित्र आणि समोरचे तिकीट यांतील छिद्रांच्या टोकांचा आकार व शिक्क्याची जागा जुळते का, हेही पाहायला विसरू नये.

सहावी पायरी: पाकिटांकडे वळणे

सुटे तिकीट त्याच्या सत्तेविषयी सांगते, पाकीट त्या सत्तेखाली जगणाऱ्या माणसांविषयीही सांगते. पत्र कोठून निघाले, कोणत्या मार्गाने गेले, कोणी उघडून वाचले, पोहोचायला किती दिवस लागले, हे सारे पाकिटावर नोंदलेले असते. पाकीट घेताना तिकिटांची एकूण किंमत त्या वेळच्या दराशी जुळते का हे पाहावे. साध्या पत्रावर पूर्ण मालिका चिकटवलेली असेल, तर ते बहुधा एखाद्या संग्राहकाने स्वतःसाठी तयार करून घेतलेले पाकीट असते. ते खोटे नसते, पण गरजेपोटी पाठवलेल्या पत्राचे मोल त्याला नाही. अनेक व्याप्त प्रदेशांची कोरी तिकिटे भरपूर मिळतात आणि खऱ्या टपालातून गेलेली पाकिटे मात्र कमी, कारण पुष्कळ तिकिटे संग्राहकांना विकण्यासाठीच छापली जात.

काही गोष्टींना तर पाकिटाशिवाय अर्थच नसतो. ब्रिटनच्या चॅनल बेटांपैकी गर्नसीवर जर्मनांचा ताबा असताना एक पेनीच्या तिकिटांचा तुटवडा पडला, तेव्हा 1940 च्या डिसेंबर अखेरीस दोन पेनीची तिकिटे तिरकी कापून अर्धे तिकीट एक पेनीसाठी वापरण्यास परवानगी मिळाली. आज तिकिटाचा सुटा अर्धा तुकडा कोणीही कात्रीने तयार करू शकतो. पाकिटावर, शिक्का कापलेल्या कडेवरून पाकिटाच्या कागदावर उतरलेला असेल, तरच तो पुरावा ठरतो. 1941 मध्ये या बेटांनी स्वतःची तिकिटे छापली. जर्सीचे तिकीट हिंदुस्थानी लष्करात सेवा केलेल्या मेजर रायबट यांनी रेखाटले आणि चित्राच्या कोपऱ्यांत बारीक ‘ए’ अक्षरे लपवली, ज्यांतून हिटलरला नरकात जाण्यास सांगणारे लॅटिन वाक्य तयार होते. गर्नसीच्या तिकिटाच्या कोपऱ्यांतही विजयाचा ‘व्ही’ लपलेला आहे. ही तिकिटे फारशी महाग नाहीत आणि भिंगाचा पहिला आनंद देण्याइतकी चांगली आहेत.

येथे एक कळकळीची विनंती. सातारा, रत्नागिरी या भागांतून दोन्ही महायुद्धांत पुष्कळ माणसे लष्करात गेली होती. आपल्या किंवा नातेवाइकांच्या घरी जुन्या ट्रंकेत बसरा, बगदाद किंवा आफ्रिकेतून आलेले पत्र सापडले, तर तिकीट कापून काढू नये, भिजवून सोडवू नये आणि पत्र पाकिटापासून वेगळे करू नये. लष्करी टपाल कार्यालयाचा शिक्का, सेन्सॉरची खूण, पत्त्याचे हस्ताक्षर आणि आतला मजकूर एकत्र असतानाच त्या पत्राला इतिहासाचे मोल असते.

सातवी पायरी: जपणूक आणि मांडणी

व्याप्त प्रदेशाची तिकिटे पाण्यात भिजवून सोडवण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण हातशिक्क्यांची शाई विरघळू शकते. काही जपानी तिकिटे मुळातच गोंदाशिवाय निघाली, त्यामुळे मागे गोंद नाही म्हणून ते धुतलेले तिकीट आहे असा निष्कर्ष काढू नये. आपल्याकडे, विशेषतः मुंबई आणि कोकणात, खरा शत्रू पावसाळा आहे. दमट हवेत गोंद पानाला चिकटतो आणि कागदावर बुरशीचे तपकिरी डाग पडतात. स्टॉकबुके उभी ठेवावीत, एकमेकांवर दाबून रचू नयेत, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात, आणि पावसाळ्यात कोरड्या दिवशी पाने उघडून हवा द्यावी. पीव्हीसीच्या स्वस्त पारदर्शक पिशव्यांत तिकिटे ठेवू नयेत, त्या कालांतराने कागदाला अपाय करतात.

मांडणी करताना प्रत्येक तिकिटाखाली चार ओळींचे उत्तर लिहावे: मूळ तिकीट, ओव्हरप्रिंट, चलन आणि काळ. त्याखाली, त्या वेळी त्या मुलखातील माणसांवर काय गुजरत होते, याचेही एक वाक्य असावे. हे मी शोभेसाठी सांगत नाही. 1939 च्या डिसेंबरात पोलंडमध्ये हिंडेनबर्गच्या तिकिटांवर ‘डॉयचे पोस्ट ओस्टन’ छापून ग्रोशमध्ये किमती घातल्या गेल्या, तेव्हा त्या टपालखिडकीपलीकडे काय चालू होते हे जगाला ठाऊक आहे. बोहेमिया-मोराव्हियात 1943 साली निघालेले टेरेझिनचे तिकीट हे छळछावणीतील बंदिवानाला पार्सल पाठवू इच्छिणाऱ्याला लावावे लागणारे तिकीट होते. अशी वस्तू संग्रहात ठेवावी की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवावे. ठेवली तर तिची कहाणी पूर्ण लिहावी आणि तिच्या दुर्मिळतेचा मोठेपणा मिरवू नये.

पहिले पान कोणते करावे असे कोणी विचारले, तर मी ब्रह्मदेशाचेच सुचवीन. 1938 च्या नाशिक छपाईचे मूळ तिकीट, 1945 चे लष्करी प्रशासनाचे आणि 1947 चे हंगामी सरकारचे, ही तिन्ही शक्य तो एकाच चित्राची शोधून ओळीने लावावीत. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये 1942 च्या मोरासाठी जागा रिकामी सोडावी, तेथे पेन्सिलीने कॅटलॉग क्रमांक लिहावा, आणि प्रमाणपत्रासह तिकीट मिळेपर्यंत ती जागा तशीच राहू द्यावी.